स्वादुपिंडात गाठ निघाली, पण कसली?

गेल्या पावसाळ्यात या सदरात पित्ताशयातील खड्यांवर लिहिले होते. त्यानंतर जी पत्रे आली त्यांत खड्यांविषयी विचारणारी थोडी आणि दुसऱ्याच एका प्रश्नाची जास्त. खड्यांसाठी सोनोग्राफी केली आणि रिपोर्टात शेवटी ‘स्वादुपिंडावर गाठ दिसते, पुढील तपासणी करावी’ अशी ओळ आली. म्हणजे कॅन्सरच समजायचा का? एका भगिनींनी तर ‘फक्त हो किंवा नाही एवढेच कळवा’ असे लिहिले आहे.

हो किंवा नाही एवढ्यात या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. मी एकदा ते एका शब्दात देऊन बसलो होतो, आणि ते चुकले होते. ती हकिगत आज सांगतो.

आमच्या पेठेत एक टेलर आहेत. सारा बाजार त्यांना मास्तर म्हणतो, मीही म्हणतो. त्यांच्या परवानगीनेच लिहीत आहे. नाव देत नाही, पण ओळखणारे ओळखतील आणि त्याला त्यांची हरकत नाही. २०२२ साली त्यांचे वय सत्तावन्न होते. तंबाखू नाही, दारू नाही. चहा मात्र किती ते मोजायचे नाही. त्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास ते आले. पोटाच्या वरच्या भागात डावीकडे जड वाटते, जेवल्यावर जास्त, आणि पाठीतही कळ येते, अशी तक्रार. दिवसाचे दहा-बारा तास मशीनवर वाकून बसणारा माणूस पाठ दुखते म्हणाला तर डॉक्टरच्या मनात काय येईल? जे यायचे तेच माझ्या मनात आले. पोटासाठी आम्लपित्ताच्या गोळ्या, पाठीसाठी मलम आणि वेदनाशामक, वर ‘स्टुलाची उंची वाढवा, मधून मधून उठून चार पावले फिरा’ असा सल्ला. आठ दिवस बरे वाटे, पुन्हा दुखे, पुन्हा ते येत. गोळी बदलली, मलम बदलले. असे आठ महिने गेले. त्याचे मला आजही वाईट वाटते; पण खोटे कशाला बोलू, तेव्हा आपले काही चुकते आहे असे वाटले नव्हते.

सप्टेंबरात एकदा गोळ्या घ्यायला आले असता सहज म्हणाले, “डॉक्टरसाहेब, एक गंमत बघा. मशीनवर बसलो की पाठ दुखायला पाहिजे ना? तर मशीनवर वाकून बसलं की बरं वाटतंय. रात्री उताणं पडलं की कळ सुरू. मग उठून उशी पोटाशी घेऊन बसतो, तेव्हा कुठं डोळा लागतो.”

मी लिहिता लिहिता पेन खाली ठेवले. पाठीच्या स्नायूंचे दुखणे बहुधा वाकून बसल्याने वाढते आणि आडवे पडल्याने कमी होते. उताणे झोपल्यावर वाढणारी आणि पुढे वाकल्यावर हलकी होणारी कळ जठराच्या मागच्या बाजूने, विशेषतः स्वादुपिंडाकडून येण्याची शक्यता असते. हे मी विद्यार्थी असताना पाठ केले होते. मास्तरांना कोणी शिकवले नव्हते, तरी त्यांनी नेमके तेच सांगितले. फक्त मी त्यांना आठ महिन्यांत ‘कसे बसले की दुखते, कसे झोपले की दुखते’ हे विचारलेच नव्हते.

सोनोग्राफीला पाठवले. पहिल्या दिवशी आतड्यातल्या वायूमुळे काही दिसेना. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी बोलावले, तेव्हा स्वादुपिंडाच्या शेपटीकडच्या भागात साडेचार सेंटिमीटरची गाठ दिसली. रिपोर्ट घेऊन त्यांचा मुलगा आला. मास्तर दुकानातच होते. मी रिपोर्ट वाचला, मुलाला आतल्या खोलीत नेले आणि म्हणालो, “लक्षण चांगलं नाही. कॅन्सर दिसतोय. तयारीत राहा. त्यांना इतक्यात काही बोलू नकोस.”

हे मी का बोललो? स्वादुपिंडाच्या कर्करोगाची धास्ती आम्हा डॉक्टरांनाही असते. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर याच दुखण्याने मार्च २०१९ मध्ये गेले. नाकात नळी घालून ते काम करत असल्याची छायाचित्रे सर्वांनी पाहिली होती, मीही. माझ्या स्वतःच्या रुग्णांपैकी स्वादुपिंडाच्या गाठीचे जे चार-पाच जण मी पाहिले ते सगळे वर्षाच्या आत गेले. सहावा समोर आला, तेव्हा मी तपासणीआधीच त्याला त्यांच्या रांगेत बसवून टाकले.

मुलाने मामाला सांगितले, मामाने मामीला. संध्याकाळपर्यंत पेठेत ज्याला ठाऊक नाही असा एकच माणूस उरला, तो म्हणजे मास्तर. तेही फार वेळ राहिले नाही. पुढे ते मला म्हणाले, “चहावाल्यानं पैसे घेतले नाहीत. वीस वर्षांत त्यानं कधी एक कप सोडला नव्हता. तेव्हाच समजलो.”

दिवाळी तोंडावर आली होती. टेलरचे वर्षाचे काम त्या महिन्यात असते. मास्तरांनी नवे माप घेणे बंद केले आणि जी कापडे कातरायची राहिली होती ती एकेक करून गिऱ्हाइकांकडे परत पाठवायला सुरुवात केली. माझ्या दोन शर्टांचे कापडही परत आले. आत चिठ्ठी होती: छाती, खांदा, बाही, कॉलर यांची मापे आणि खाली ‘दुसरीकडून शिवून घ्यावेत’.

ती चिठ्ठी हातात घेऊन मी बराच वेळ बसलो. तोवर जिल्ह्याच्या ठिकाणी केलेल्या सी. टी. स्कॅनचा रिपोर्ट आलेला होता. तोही मी वरवर पाहून बाजूला ठेवला होता. त्या रात्री तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

रिपोर्टात काय होते?

ते समजायला आधी हा अवयव समजला पाहिजे. स्वादुपिंड नाव गोड आहे, पण स्वभाव फार कडू. साधारण पंधरा सेंटिमीटर लांबीची, जेमतेम शंभर ग्रॅमच्या आतबाहेर वजनाची ही ग्रंथी जठराच्या मागे आडवी पडलेली असते. उजवीकडे तिचे डोके लहान आतड्याच्या पहिल्या वळणात बसवलेले, डावीकडे शेपटी प्लीहेपर्यंत गेलेली. अन्न पचवणारा रस ती तयार करते आणि इन्सुलिनही तयार करते. तिच्या मधून एक नलिका जाते. पित्त वाहून आणणारी नळी तिच्या डोक्यातूनच पुढे आतड्यात उतरते. म्हणून डोक्याकडे गाठ झाली की ती नळी दाबली जाऊन कावीळ होते आणि माणूस लवकर डॉक्टरकडे येतो. शेपटीकडे गाठ झाली तर अडायला काही नसते. ती गुपचूप वाढते.

स्वादुपिंडाच्या कर्करोगांपैकी दहातले सुमारे नऊ या नलिकेच्या अस्तरातून उठतात. त्याची स्कॅनमधली तऱ्हा ठरलेली असते: कडा धूसर, आजूबाजूला शिरलेल्या; नलिका अडल्यामुळे मागे फुगलेली; जवळच्या रक्तवाहिन्यांना विळखा; कधी यकृतात डाग. मास्तरांच्या रिपोर्टात लिहिले होते: गाठ पाच सेंटिमीटरची, कडा गुळगुळीत, भोवती पातळ वेष्टन, थोडा भाग भरीव आणि थोड्या भागात द्रव, नलिका फुगलेली नाही, रक्तवाहिन्या मोकळ्या, यकृत स्वच्छ. शेवटी तीन-चार शक्यता देऊन ‘पेशींची तपासणी करून खात्री करावी’ असा शेरा. कॅन्सरच आहे असे त्यात कोठेही म्हटलेले नव्हते.

पुण्यात माझा एक सर्जन मित्र आहे, कॉलेजातला. रात्री दहाला त्याला फोन लावला आणि रिपोर्ट वाचून दाखवला. त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “वजन किती उतरलंय?” मला सांगता येईना. आठ महिन्यांत मी त्यांचे वजन दोनदाच केले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः दुकानात गेलो. मास्तरांना सगळे खरे सांगितले: गाठ आहे, कसली ते ठाऊक नाही, मी मुलाला कॅन्सर म्हणालो ते माझे चुकले. ते काही बोलले नाहीत. मग मी वजनाचे विचारले. त्यांनी गळ्यातली टेप काढली, कमरेला लावली आणि मला दाखवली. “छत्तीस. पोरीच्या लग्नात पँट शिवली तेव्हा छत्तीस. तीन वर्षं झाली.”

स्वादुपिंडाच्या कर्करोगात भूक मरते आणि वजन झपाट्याने उतरते. आठ-नऊ महिने तो पोटात असता तर मास्तरांना स्वतःच्या पँटी आत घ्याव्या लागल्या असत्या. हा काही पुरावा नव्हे, तरी त्या टेपने मला धीर आला हे कबूल करतो.

आता एवढे वाचून कोणी ‘वजन उतरले नाही, मग काळजी नाही’ असा निष्कर्ष काढू नये, म्हणून इथेच थांबून सांगतो. पन्नाशीनंतर विनाकारण वजन उतरणे, न दुखता झालेली कावीळ, घरात कोणाला नसताना अचानक सुरू झालेला किंवा आटोक्यात असताना एकाएकी बिघडलेला मधुमेह, आणि मास्तरांसारखी पाठीत जाणारी, झोपेतून उठवणारी कळ यांपैकी काहीही असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जावे. स्वादुपिंडातली भरीव गाठ बहुतेक वेळा वाईटच निघते, आणि तिथे महिन्याचाही उशीर महाग पडतो. मी सांगतो आहे ती गोष्ट अपवादाची आहे.

मित्राने सांगितलेल्या मोठ्या रुग्णालयात मास्तरांना नेले. नातेवाइकांतून ‘टाटाला न्या’ असा धोशा होता. आपल्याकडे अमक्याला टाटाला नेले एवढे म्हटले की आजाराचे नाव वेगळे सांगावे लागत नाही. म्हणून मास्तरांच्या पत्नी त्याला तयार नव्हत्या. एक पुतण्या पेट स्कॅन करा म्हणून मागे लागला होता. त्याची समजूत अशी की, पेट म्हणजे पोट आणि दुखणे पोटाचे, तेव्हा हाच स्कॅन योग्य! पेट हे त्या तपासणीच्या लांबलचक इंग्रजी नावाचे संक्षिप्त रूप आहे. साखरेला किरणोत्सर्गी खूण जोडून ती शिरेतून देतात. जिथे पेशी साखर जास्त ओढतात तो भाग चित्रात उजळतो. कर्करोग उजळतो हे खरे, पण काही निरुपद्रवी गाठीही तितक्याच उजळतात, आणि मास्तरांची गाठ पुढे ज्या जातीची निघाली ती त्यांपैकीच एक. तो स्कॅन त्या वेळी केला असता तर माझ्या ‘कॅन्सर’वर फुकट शिक्कामोर्तब झाले असते.

रक्ताची सी. ए. १९-९ नावाची तपासणी झाली. ती सामान्य आली आणि घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तेवढे सुटण्यासारखे त्यात नव्हते. पित्तनळीत खडा अडून कावीळ झाली तरी हा आकडा चढतो. आणि शंभरातले पाच-दहा लोक असे असतात की, त्यांच्या शरीरात हा पदार्थ तयारच होत नाही, मग कर्करोग असो वा नसो. ‘रक्तात कॅन्सर निघाला नाही’ असे जे लोक म्हणतात, त्याचा अर्थ फार मर्यादित असतो.

मग कामाची तपासणी झाली, ती एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड. दुर्बिणीची लवचीक नळी तोंडावाटे जठरात उतरवतात. तिच्या टोकाला सोनोग्राफीचे छोटे यंत्र असते. जठराच्या भिंतीपलीकडेच स्वादुपिंड. तेव्हा बाहेरून वायूमुळे जे दिसत नाही ते आतून स्पष्ट दिसते. तिथूनच भिंतीतून बारीक सुई गाठीत घालून पेशी काढता येतात. रुग्णाला गुंगी देतात, बहुतेकांना लवकर घरी सोडतात. मास्तर म्हणाले, सुई-दोऱ्याचा धंदा, आता आतून टाके पडायची पाळी आली.

पहिल्या वेळी सुईत नुसते रक्त आणि गाठीतला द्रव आला. दुसऱ्या वेळी थोड्या पेशी मिळाल्या. पॅथॉलॉजिस्टने लिहिले: दोन्ही टोकांना निमुळत्या, टकळीसारख्या पेशी, कर्करोगाची चिन्हे दिसत नाहीत, पुढील रासायनिक तपासणीस नमुना अपुरा.

इथे घरच्यांचा धीर सुटला. एवढा खर्च, एवढी धावपळ, आणि तरी नाव नाही. मुलगा माझ्यावर चिडला, आणि त्याचे बरोबर होते. पण त्या अर्धवट रिपोर्टातही मोठी बातमी होती. नलिकेच्या अस्तरातून उठणाऱ्या कर्करोगाच्या पेशी टकळीसारख्या दिसत नाहीत. म्हणजे ही गाठ स्वादुपिंडाच्या स्वतःच्या मालाची नव्हती. स्नायूची, जठराच्या भिंतीतून आलेली, किंवा मज्जातंतूच्या वेष्टनाची, असे दुसरेच काहीतरी असणार.

श्वान म्हणजे कुत्रा नव्हे

विजेच्या तारेवर जसे प्लॅस्टिकचे वेष्टन असते तसे मेंदू आणि मज्जारज्जूच्या बाहेर पडलेल्या मज्जातंतूंभोवती पेशींचे वेष्टन असते. या पेशींना श्वान पेशी म्हणतात. आपल्या श्वानाशी, म्हणजे कुत्र्याशी, त्यांचा संबंध नाही. थिओडोर श्वान हे जर्मन शास्त्रज्ञ (१८१० ते १८८२). प्राण्यांचे शरीर पेशींचे बनलेले असते हा सिद्धांत त्यांनी १८३९ साली मांडला. त्याआधी, १८३६ साली, जठरातले पेप्सिन हे पाचकद्रव्यही त्यांनीच शोधून काढले होते. श्वान पेशींची जी गाठ होते ती श्वानोमा. ती एरवी मानेत, हातापायांत, पाठीच्या कण्याजवळ किंवा कानाच्या मज्जातंतूवर सापडते. हळूहळू वाढते, वेष्टनात राहते, आणि फारच क्वचित कर्करोगाच्या वाटेला जाते.

स्वादुपिंडालाही मज्जातंतू असतात. पाचकरस केव्हा सोडायचा याचे निरोप त्यांच्यावाटेच येतात. त्या बारीक तंतूंच्या वेष्टनातून कधी एखाद्याला अशी गाठ उठते. कधी म्हणजे किती कधी? जगभरातील वैद्यकीय नियतकालिकांत आजवर नोंदलेले असे रुग्ण शंभराच्या आगेमागे आहेत, आणि त्या नोंदी बहुतेक एकेका रुग्णाच्या हकिगती आहेत. स्त्री-पुरुष दोन्ही, सरासरी वय पन्नाशीच्या मध्यावर. कोणाला पोटदुखी, कोणाला काहीच नाही, दुसऱ्याच कशासाठी केलेल्या स्कॅनमध्ये गाठ दिसली. यांतल्या बऱ्याच गाठींच्या मध्यभागी द्रव साठतो. गाठ जुनी होता होता आतून विरते. त्यामुळे स्कॅनमध्ये ती स्वादुपिंडाच्या द्रवाच्या गाठींसारखी दिसते, नाहीतर हार्मोन तयार करणाऱ्या पेशींच्या गाठीसारखी. अॅपल कंपनीच्या स्टीव्ह जॉब्ज यांना २००३ साली निघालेली गाठ या दुसऱ्या जातीची होती. तीही नेहमीच्या कर्करोगाहून वेगळी आणि सावकाश चालीची. ते त्यानंतर २०११ पर्यंत जगले. सांगायचा मुद्दा असा की, स्वादुपिंडातली गाठ म्हटली तरी तिच्या जाती अनेक, आणि जातीप्रमाणे माणसाचे पुढचे आयुष्य वेगळे.

तज्ज्ञांनी मास्तरांची कातडीही निरखून पाहिली. दुधाळ कॉफीच्या रंगाचे डाग, अंगावर मऊ गाठी असे काही आनुवंशिक मज्जातंतूंच्या विकारात असते. ते काही नव्हते. अशा बहुतेक रुग्णांत नसते.

पुढचा प्रश्न अवघड होता. पुन्हा सुई घालायची, नुसती नजर ठेवायची, की गाठ काढायची? गाठीचे नाव पक्के ठाऊक असेल, त्रास नसेल आणि वय झालेले असेल तर ठरावीक काळाने स्कॅन करत राहणे हा योग्य मार्ग असू शकतो. गाठ स्वादुपिंडाच्या डोक्यात असती तर मी स्वतः तिसऱ्यांदा सुई घालायचा आग्रह धरला असता. तिथली शस्त्रक्रिया न्यूयॉर्कच्या अॅलन व्हिपल यांनी १९३५ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीवर आधारलेली असते; स्वादुपिंडाचे डोके, आतड्याचे पहिले वळण, पित्ताशय आणि पित्तनळीचा भाग काढून उरलेले पुन्हा जोडायचे. निरुपद्रवी गाठीसाठी एवढी किंमत मोजायला लागली तर ते दुःखच. मास्तरांची गाठ शेपटीकडे होती, दुखत होती, नाव पक्के नव्हते आणि पाच सेंटिमीटरची होती. सर्जनने काढण्याचा सल्ला दिला. मास्तरांनी एकच विचारले, “हात चालतील ना?”

शस्त्रक्रिया डिसेंबर २०२२ मध्ये झाली. प्लीहेच्या रक्तवाहिन्या स्वादुपिंडाला अगदी लागून जातात, त्यामुळे प्लीहाही काढावी लागू शकते. प्लीहा नसलेल्या माणसाला काही जंतूंचा धोका वाढतो, म्हणून दोन आठवडे आधी त्याच्या लसी टोचून ठेवल्या होत्या. सुदैवाने प्लीहा वाचली. शेपटीचा तुकडा गाठीसह काढला. पोटात ठेवलेल्या नळीतून स्वादुपिंडाचा रस झिरपत राहिला. ही या शस्त्रक्रियेची नेहमीची डोकेदुखी. नळी तीन आठवडे ठेवावी लागली. केशरी शिधापत्रिकेमुळे शस्त्रक्रियेचा मुख्य खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाला. आधीच्या तपासण्यांचे पैसे मात्र पदरचे गेले.

शेवटचे उत्तर पॅथॉलॉजिस्टकडून आले. गाठ मेणाच्या ठोकळ्यात बसवून तिचे केसाहून पातळ काप काढतात आणि काचेवर रंगवून पाहतात. नील्स अँटोनी या स्वीडिश डॉक्टरांनी १९२० साली वर्णन केले तसे श्वानोमात दोन प्रकारचे भाग दिसतात. एक दाट, घट्ट विणीचा. त्यात पेशींची केंद्रे कुडाच्या काठ्यांसारखी ओळीने उभी. दुसरा विरविरीत, धुऊन धुऊन झिजलेल्या धोतरासारखा. मास्तरांच्या गाठीत दोन्ही होते. त्यावर खात्रीसाठी इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे विशिष्ट प्रथिनाला चिकटणारे रंग. श्वान पेशींत एस-१०० नावाचे प्रथिन असते. अमोनियम सल्फेटच्या शंभर टक्के संपृक्त द्रावणातही ते विरघळलेले राहते, म्हणून हे नाव. १९६५ साली ते प्रथम वेगळे केले गेले. हा रंग सगळ्या गाठीभर चढला. स्नायूच्या आणि जठराच्या भिंतीतल्या गाठींना ज्या रंगांनी ओळखतात ते एकही चढले नाहीत. रिपोर्टात शेवटी लिहिले होते: स्वादुपिंडाचा श्वानोमा, निरुपद्रवी, कडा स्वच्छ.

मुलगा रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आला. तोच टेबल, तीच आतली खोली. मी म्हणालो, बाहेर वडिलांसमोर वाचू. तिघांनी बसून वाचला.

या रोगात मला सगळ्यांत जास्त विचारला गेलेला प्रश्न असा: मग शस्त्रक्रिया उगाच झाली का? मास्तरांची बहीण तर अजून तसेच म्हणते. मला तसे वाटत नाही. हा रिपोर्ट हातात आला तो गाठ काढल्यावर. काढण्याआधी तो कोणाकडेच नव्हता. आता अशा तपासणीसाठी पेशींऐवजी मांसाची बारीक कांडी काढणाऱ्या सुया आहेत. तिच्यावर एस-१०० चा रंग देता आला तर काही रुग्णांत नाव आधीच कळते, आणि मग ज्यांना थांबता येईल त्यांना थांबता येते. मास्तरांच्या बाबतीत ते जमले नाही, त्याची थोडी किंमत त्यांनी दिली आहे. स्वादुपिंडाचा तुकडा गेल्यामुळे त्यांची साखर तेव्हापासून काठावर असते. एक गोळी चालू आहे, दर तीन महिन्यांनी रक्त तपासतो. चहातली साखर बंद करा म्हटले तर निम्मी केली आहे असे सांगतात. चहावाला वेगळे सांगतो.

पाठीतली कळ गेली. पूर्ण काढलेली साधी गाठ पुन्हा होणे अत्यंत दुर्मीळ, तरी वर्षातून एकदा सोनोग्राफी करतो. आजवर ती स्वच्छ आली आहे. माझे शर्टाचे कापड मी दुसरीकडे दिले नव्हते. २०२३ च्या गुढीपाडव्याला दोन्ही शर्ट शिवून आले. शिलाई पूर्ण घेतली.

आता पत्रांकडे. ज्यांच्या रिपोर्टात स्वादुपिंडाच्या गाठीचा उल्लेख आहे त्यांनी डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात: गाठ भरीव आहे की द्रवाची, नलिका फुगली आहे का, रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत का. सोनोग्राफीवर थांबू नये. स्वादुपिंडासाठी खास पद्धतीने काढलेला सी. टी. स्कॅन किंवा एम. आर. आय. लागतो. पेशींची तपासणी झाली असेल तर काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळे कोठे आहेत याची चौकशी करून ठेवावी. दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचे मत हवे असेल तर नुसता कागद पाठवून उपयोग नसतो, तो ठोकळा पाठवावा लागतो. मागितला तर प्रयोगशाळा देते. बहुतेकांना मागता येतो हेच ठाऊक नसते. सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फायलीत लावावेत, जुना स्कॅनही टाकू नये. गाठ वाढते आहे की तशीच आहे हे जुन्या स्कॅनशेजारी नवा ठेवल्यावरच कळते.

आणि ज्या भगिनींना हो किंवा नाही एवढेच हवे होते त्यांनी सी. टी. रिपोर्टची झेरॉक्स पाठवावी. मूळ प्रत पाठवू नये, ती टपालात हरवली तर पंचाईत होते. पत्रावरून निदान करता येणार नाही, पण कोणाकडे जायचे आणि तिथे काय विचारायचे तेवढे मी नक्की कळवीन.